टाच पिशवीला लागत होती: जाम घाटातल्या थरथरीचं प्रकरण

माझी नोकरी पीथमपूरला, एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात. एखादा भाग बिघडून परत आला की तो टेबलावर ठेवायचा आणि 'हे असं का झालं?' हा प्रश्न हात लावता येईल अशी गोष्ट सापडेपर्यंत विचारत राहायचं, हे माझं रोजचं काम. रविवारी लोकमान्य नगरातल्या आमच्या अंगणात मी ओळखीच्यांच्या सायकली लांबच्या प्रवासासाठी लावून देतो. तिथेही माझी सवय तीच. या वर्षी जानेवारीत आलेलं एक प्रकरण मी वहीत सविस्तर लिहून ठेवलं होतं. सामान लादून सायकलवर निघणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून इथे मांडतो.

आमच्या गल्लीतल्या काकू ६३ वर्षांच्या आहेत. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांच्या सासूबाई ८८ वर्षांच्या, आता घराबाहेर पडणं होत नाही. नर्मदेचं पाणी तांब्याच्या लोटीत भरून त्यांच्यासाठी आणायचं आणि तेही सायकलवर जाऊन, असं काकूंनी ठरवलं होतं. मार्ग इंदूर, राऊ, महू, जाम दरवाजा, मंडलेश्वर, महेश्वर. ज्यांनी हा रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, नर्मदेचा काठ दीडशेच्या आसपास. महूच्या पुढे माळव्याचं पठार एकदम संपतं. त्या कडेवर अहिल्याबाईंच्या काळात, १७९१ च्या सुमाराला बांधलेला दगडी जाम दरवाजा उभा आहे. दरवाजातून पलीकडे पाहिलं की खाली निमाड पसरलेलं दिसतं, आणि तिथूनच घाट सुरू होतो.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी काकू, त्यांचा भाचा आणि त्याचा मित्र निघाले. दरवाजापर्यंत काहीच झालं नाही. मागचं चाक जड वाटतंय, चढावर पुढचं चाक जरा भरकटतंय, एवढंच काकूंना जाणवलं. घाटातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणानंतर सरळ उतार आला, मीटरवर ३२ चा आकडा दिसला आणि हँडल डावी-उजवीकडे थरथरायला लागलं. काकूंनी ते घट्ट धरलं. थरथर वाढली. "अरे, हँडल माझ्या हातात नव्हतंच रे, मी नुसती त्याला लटकले होते," असं त्या मला नंतर म्हणाल्या. ब्रेक हळूहळू दाबत त्यांनी सायकल कडेला घेतली, पाय टेकला. पडल्या नाहीत, ही देवाची कृपा. पुढे जायची हिंमत मात्र उरली नाही. तिथून एका लोडिंग गाडीत सायकल टाकून तिघं परत आले.

सायकल जिथून घेतली होती त्या दुकानात त्यांनी ती दाखवली. तिथे हँडल ज्यावर फिरतं ती कटोरी आणि छर्रे बदलून दिले आणि सांगितलं, "अब नहीं हिलेगा दीदी, एकदम टाइट कर दिया है." काकूंना ते पटलं नाही. सायकल रिकामी असताना तर आधीही हलत नव्हती, मग दुरुस्त झालं कशावरून? गणिताच्या बाईंनी विचारावा असाच प्रश्न होता तो. त्या सायकल घेऊन माझ्याकडे आल्या. मी त्यांना एकच विनंती केली: "काकू, त्या दिवशी होतं तसंच्या तसं सामान लादून आणा. एक रुमालसुद्धा कमी करू नका."

सायकल टेबलावर

सायकल हायब्रिड, फ्रेम वरच्या दांडीशिवायची, पाय सहज पलीकडे टाकता येईल अशी. पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुफाटा, स्टीलचा, स्प्रिंग नसलेला. टायर ७०० बाय ३५. पुढे ४८, ३८, २८ अशी तीन दातेरी चक्रं, मागे सात चकत्या, सगळ्यात मोठी २८ दात्यांची. ब्रेक रिमवर दाबणारे. कॅरिअर सीटच्या नळीला चिमट्याने आवळून बसवलेलं. खाली चाकाच्या आसापर्यंत त्याला कुठलाही आधार नव्हता. मागच्या नळ्यांना कॅरिअरसाठी भोकं असूनही ती रिकामी होती.

त्यावर दोन्ही बाजूंना पॅनियर, म्हणजे लटकत्या पिशव्या, आणि वर आडवी एक गुंडाळी. रद्दीवाल्याकडे असतो तसा लटकता काटा माझ्याकडे आहे. उजवी पिशवी साडेसात किलो भरली, डावी साडेपाच, गुंडाळी सहा. एकूण १९ किलो. कॅरिअर उलटं करून पाहिलं तर खालच्या पट्टीवर ठसठशीत शिक्का होता: जास्तीत जास्त ९ किलो.

इथेच थांबून 'सामान जास्त झालं' असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण तेवढ्यावर सोडलं असतं तर काकू ९ किलो घेऊन पुन्हा घाटात गेल्या असत्या आणि कदाचित पुन्हा थरथरल्या असत्या. म्हणून कोणत्या चाकावर किती भार येतो ते मोजलं. घरातला वजनाचा काटा एका चाकाखाली ठेवायचा, दुसऱ्या चाकाखाली तेवढ्याच जाडीची फळी, स्वार सीटवर आणि कुणीतरी हलक्या हाताने सायकल उभी धरलेली. मग काटा आणि फळी यांची अदलाबदल. काकू ६० किलो, सायकल १५ किलो. सामान नसताना मागच्या चाकावर ४५ आणि पुढच्यावर ३०. सामान लादल्यावर मागे ६६ आणि पुढे २८.

काकू वही घेऊन बसल्याच होत्या. "अरे, १९ किलो ठेवले आणि मागे २१ वाढले? पुढचे दोन कमी झाले?" त्यांचा त्यांनीच उलगडा केला. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर १०५ सेंटिमीटर. सामानाचा मध्य मागच्या आसाच्याही मागे जवळपास ११ सेंटिमीटर गेलेला. मागचा आस म्हणजे सी-सॉचा मधला टेकू, त्याच्या मागे वजन टांगलं की पुढचं टोक उचललं जाणारच. चढावर पुढचं चाक भरकटत होतं ते यामुळे. ज्या चाकाने दिशा द्यायची त्याच्या वाट्याला एकूण भारातला तीस टक्केसुद्धा भाग नव्हता.

मग मी सीटच्या नळीकडे वळलो, आणि या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा तिथे सापडला. कॅरिअरचा चिमटा सैल करून थोडा खाली सरकवला. नळीच्या काळ्या रंगावर चिमट्याच्या जागी चंद्रकोरीसारखा एक चकचकीत ओरखडा होता, मागच्या बाजूला, बोटभर रुंद. रंग पार खरवडून खालचं ॲल्युमिनिअम दिसत होतं. म्हणजे अख्खं कॅरिअर १९ किलोंसकट नळीभोवती डावी-उजवीकडे फिरत होतं. थोडंसंच, पण प्रत्येक पायडलला. मी काकूंना बोट फिरवून पाहायला सांगितलं. खरवडलेल्या कडेला नख अडकत होतं.

थरथर कशी जन्मते हे इथे सांगायला हवं. मागे लोंबतं वजन डोलतं, तो डोल फ्रेमला पीळ देतो, फ्रेम हँडलखालची नळी हलवते आणि पुढचं चाक किंचित वळतं. चाक वळलं की सायकल कलते आणि मागचं वजन पुन्हा उलट्या बाजूला डोलतं. एका ठरावीक वेगाला हा डोल आणि फ्रेमचा स्वतःचा लवचीकपणा यांचा ठेका जुळतो, आणि मग झोपाळ्याला वेळेवर धक्के मिळावेत तसं ते वाढत जातं. वरची दांडी नसलेली फ्रेम पिळाला जात्याच मऊ असते. दांडी असलेल्या सायकलवर अशा वेळी दोन्ही गुडघे दांडीला चिकटवले की थरथर बऱ्याचदा मरते. काकूंकडे तो उपायच नव्हता. आणि भीतीने हँडल आवळलं की आपले ताठ हातही त्या पिळात सामील होतात.

फ्रेम तर बदलायची नव्हती. तेव्हा बाकी प्रत्येक गोष्ट नीट असणं भागच होतं.

दुकानातल्या कामाबद्दलही सांगतो. कटोरीत ढिलाई असेल तर थरथरीला हातभार लागतो, म्हणून तिथे पाहणं चूक नव्हतं. पण नवे छर्रे फारच आवळले होते. पुढचं चाक उचलून सायकल थोडी कलती केली की हँडल आपोआप एका बाजूला पडायला हवं. इथे ते मध्येच अडकत होतं. अशा हँडलने सायकल सरळ चालवताना सारखी दुरुस्ती करत राहावी लागते. पाव फेरा सैल केल्यावर ते मोकळं पडायला लागलं, आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली तेव्हा खटका नव्हता. हे दोन्ही एकत्र साधलं म्हणजे हँडल बरोबर आवळलं गेलं.

पिशव्या मागे का गेल्या

पिशव्यांचे हुक कॅरिअरच्या पार मागच्या टोकाला होते. पुढे दहा सेंटिमीटर दांडी मोकळी. मी विचारलं, "काकू, हे इतकं मागे कुणी लावलं?"

"दुकानातल्या मुलाने. पुढे लावल्यावर टाच पिशवीला लागत होती."

हे ऐकून मला जरा आश्चर्य वाटलं. काकूंचं पाऊल लहान आहे, पाचव्या नंबरची चप्पल. एवढ्या पावलाची टाच पिशवीपर्यंत पोचायला नको. मी त्यांना अंगणात रिकामी सायकल चालवून दाखवायला सांगितली आणि जमिनीवर बसून त्यांचे पाय पाहिले. पायडल बोटांच्या टोकाखाली होतं आणि टाच खाली सोडलेली. चवड्यावर असायला हवं होतं. त्यामुळे जवळजवळ अख्खं पाऊल पायडलच्या मागे जात होतं. गुडघा प्रत्येक फेऱ्याला हँडलच्या दिशेने वर येत होता, आणि पाय खाली असतानाही चांगलाच वाकलेला राहत होता. सीट खूप खाली होती.

सीट खाली असली की बोटांनी, टाच खाली सोडून पायडल मारणं माणसाला आपोआप सोयीचं वाटतं, त्याने गुडघा थोडा कमी दुमडतो. आमच्या आयांच्या पिढीने शाळेला जाताना लेडीज सायकल अशीच चालवली. चार किलोमीटरला काही बिघडत नाही.

"सीट एवढी खाली का ठेवलीत?"

काकू जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "रीगलच्या चौकात सिग्नलला उभं राहताना दोन्ही पाय जमिनीला लागले नाहीत तर मला भीती वाटते रे."

माझ्या दृष्टीने प्रकरण इथे उलगडलं. चौकात पाय टेकवण्याच्या भीतीने सीट खाली, सीट खाली म्हणून पायडल बोटांच्या टोकाखाली, त्यामुळे टाच मागे, टाच पिशवीला लागते म्हणून पिशव्या मागे, पिशव्या मागे म्हणून पुढचं चाक हलकं आणि सीटच्या नळीवरचं कॅरिअर डोलतं, आणि शेवटी जाम घाटाच्या उतारावर हँडल थरथरतं. ज्या वळणावर काकू थांबल्या तिथून पन्नासेक किलोमीटर मागे, रीगल चौकात ह्याचं मूळ होतं. दुकानातल्या मुलाला पिशवी मागे सरकवणं सोपं वाटलं, आणि त्याचा दोष म्हणावा असंही काही नाही. टाच का लागते आहे, एवढं विचारायचं राहून गेलं.

बिजासन टेकरीवर

अंदाज पक्का करायला रविवारी पहाटे बिजासनच्या टेकरीवर गेलो. उतार मीच उतरलो, काकूंना खाली उभं केलं. पहिल्या फेरीला सगळं जसंच्या तसं. २८ च्या वेगाला हँडलला तळहाताने हलकी टपली दिली आणि थरथर सुरू झाली, ती वेग २० च्या खाली येईपर्यंत थांबली नाही. दुसऱ्या फेरीला फक्त पिशव्या आठ सेंटिमीटर पुढे घेतल्या. उतारावर पायडल मारायचंच नव्हतं, त्यामुळे माझ्या मोठ्या टाचांचा प्रश्न आला नाही. थरथर झाली, पण दोन-तीन हेलकाव्यांत विरली. तिसऱ्या फेरीला वरची गुंडाळी उतरवली. वर ठेवलेलं वजन खाली लटकणाऱ्यापेक्षा जास्त डोलतं, आणि फरक हाताला स्पष्ट कळला: टपलीनंतर एकच हेलकावा. कॅरिअर बदलल्यावरची चौथी फेरी आम्ही पुढच्या रविवारी घेतली. ३५ ला टपली दिली, काही झालं नाही.

माझं वजन काकूंपेक्षा जास्त, त्यामुळे आकडे त्यांच्यासाठी तसेच्या तसे लागू पडणार नाहीत. पण एका वेळी एकच गोष्ट बदलली म्हणून कशाचा किती वाटा ते कळलं. सगळं एकदम बदललं असतं तर थरथर गेली असती आणि आम्हाला काहीच समजलं नसतं.

काय बदललं

सुरुवात सीटपासून केली. योग्य उंचीपेक्षा ती जवळजवळ साडेचार सेंटिमीटर खाली होती. भिंतीला धरून सीटवर बसायचं, टाच पायडलवर ठेवायची आणि पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पायडलवर आणला की गुडघ्याला हवी तेवढीच घडी राहते. पण एकदम वर केली असती तर काकूंनी सायकलच सोडली असती. आधी दोन सेंटिमीटर, चार दिवसांनी दीड, मग एक. तोवर रोज संध्याकाळी लोकमान्य नगरच्या मैदानात एकच सराव: थांबायचं असलं की ब्रेक दाबत सीटवरून पुढे घसरायचं, एक पाय खालच्या पायडलवर उभा आणि दुसरा जमिनीवर. सीटवर बसूनच पाय टेकायचा नसतो, हे काकूंना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. वरची दांडी नसलेल्या फ्रेमचा इथे फायदाच आहे, पुढे उतरायला भरपूर जागा. आठव्या दिवशी त्या स्वतःच रीगलच्या सिग्नलला जाऊन थांबून आल्या.

चवडा पायडलवर आला आणि टाच पिशवीला लागायची थांबली. पिशव्यांचा मध्य बरोबर आसावर आणता आला.

कॅरिअर नवं घेतलं, स्टीलच्या नळ्यांचं, जवळजवळ तेवढ्याच वजनाचं, चार ठिकाणी पक्कं होणारं: दोन खाली आसाजवळ, दोन वर सीटखालच्या नळ्यांना. बोल्ट पाच मिलिमीटरचे, आतून नायलॉनची कडी असलेले नट. एक बारकी गोष्ट इथे सांगतोच, कारण ती चुकते आणि महागात पडते. चेनच्या बाजूचा खालचा बोल्ट लांब असेल तर त्याचं टोक फ्रेमच्या आत येऊन सगळ्यात लहान चकतीवरच्या चेनला घासतं. काकूंच्या सायकलला दुकानातून आलेला बोल्ट चार मिलिमीटर जास्त लांब होता. मी आखूड घातला, मग चेन लहान चकतीवर टाकून मागचं चाक हाताने फिरवलं आणि कान लावून ऐकलं.

पुढच्या चिमट्याला भोकं नव्हती. स्टीलचा आहे म्हणून होज क्लॅम्प, म्हणजे पाइप आवळायच्या पट्ट्या, वापरता आले, सियागंजात हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतात. जुन्या ट्यूबचा तुकडा खाली गुंडाळून दोन्ही बाजूंना सामान ठेवायचा एकेक छोटा पिंजरा बसवला. कार्बनच्या चिमट्याला हे मुळीच करू नये, तो आवळल्याने चिरडतो. प्रत्येक पिंजऱ्यात दोन किलोपेक्षा जास्त नाही, आणि दोन्ही बाजूंना सारखं. चिमट्यावर खाली ठेवलेलं वजन हँडल जरा जड करतं, आणि उतारावर तोच जडपणा हवासा वाटतो.

टायरमध्ये दोन्हीकडे ८० पाउंड हवा होती, दगडासारखी. मागे ६० आणि पुढे ५० केली, टायरच्या बाजूला छापलेल्या मर्यादेतच. मागच्या चाकाच्या चेनकडच्या दोन तारा सैल निघाल्या. बोटाने छेडलं की बाकीच्यांचा टणत्कार, या दोघींचा आवाज बोदा. त्या आवळून चाकाचा आउट, म्हणजे फिरताना डुगडुगणं, काढला. लादलेल्या सायकलची तार तुटते ती बहुतेक याच बाजूची.

चढाचाही विचार करायला हवा होता, कारण उतरलेला घाट परतताना चढायचा होता. पुढे २८ आणि मागे २८ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा, २.१७ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी ७.८ किलोमीटर. त्यापेक्षा हळू जायचं तर पाय ओढत चालवायला लागतात आणि गुडघे बोलायला लागतात. मागे १४ ते ३४ दात्यांच्या चकत्यांचा संच बसवला. आता एका फेऱ्याला १.७९ मीटर, ६० फेऱ्यांना ताशी ६.४. हा हिशेब काकूंनीच वहीत केला आणि मला तपासायला दिला.

सामान

हे काम सगळ्यात लांबलं, एक अख्खी संध्याकाळ गेली. ओसरीवर सतरंजी अंथरून १९ किलो मांडले. गुंडाळीत रजई, उशी, मोठी छत्री, आणखी एक सतरंजी. महेश्वरला मुक्काम खोलीत होता, तिथे अंथरूण-पांघरूण मिळणार होतं. "पण दुसऱ्याची रजई?" मी म्हटलं, "काकू, एक सुती चादर घ्या, तिच्यात झोपा, वरून त्यांची रजई घ्या." गुंडाळी गेली. साखळीचं कुलूप जवळजवळ दोन किलोचं. त्याच्या जागी साडेतीनशे ग्रॅमचं तारेचं. स्टीलच्या दोन डब्यांत तिळगुळाचे लाडू आणि शेव. डबे गेले, लाडू संपलेच होते, शेव कापडी पिशवीत. पाच जोड कपड्यांचे दोन झाले. सलवारीचा घेर चेनमध्ये जाऊ नये म्हणून उजव्या पायाला वेल्क्रोची पट्टी.

कात्री लावायला मी कचरत नाही, पण दोन गोष्टींना हात लावला नाही. एक गुडघ्याच्या मलमाची बाटली, काचेची असूनही. आणि दुसरी तांब्याची लोटी, रिकामी साडेतीनशे ग्रॅम. भाच्याने सुचवलं की प्लास्टिकच्या बाटलीत पाणी आणावं आणि घरी लोटीत ओतावं. काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मीही त्यांच्याच बाजूने होतो. ज्या कामासाठी निघायचं, त्या कामाचं वजन सायकलने वाहायलाच हवं.

शेवटी साडेबारा किलो. मागे दोन्ही पिशव्यांत साडेतीन-साडेतीन. डाव्या पिंजऱ्यात हत्यारं, पंप, दोन ट्यूब, कुलूप: दोन किलो. उजवीकडे दीड लिटरची पाण्याची बाटली आणि जॅकेट: तेही दोन किलो. हँडलच्या पिशवीत दीड किलो, पैसे, फोन, खाणं. पुन्हा काटा आणि फळी. मागे ५२, पुढे साडेपस्तीस. पुढच्या चाकाचा वाटा तीस टक्क्यांवरून चाळीसच्या वर आला.

पुन्हा घाट

फेब्रुवारीत, थंडी ओसरल्यावर, तिघं पुन्हा निघाले. मी सोबत गेलो नाही. काकूंनी रोज फोनवर सांगितलेलं लिहून घेतलं, त्यावरून हे.

महूला थांबून बोल्ट तपासायला सांगितलं होतं. नव्या बसवलेल्या वस्तूचे बोल्ट पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये बसतात आणि सैल होतात. वरच्या डाव्या बोल्टला पाव फेरा मिळाला, बाकी घट्ट. जाम दरवाजाशी काकूंनी अर्धा तास बसून चहा घेतला. त्या म्हणाल्या, दरवाजातून खाली पाहताना पाय कापत होते. उतरताना काय करायचं ते ठरलेलं होतं: वेग ३० च्या आत, वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही; सतत दाबून ठेवायचा नाही, दाबायचा, सोडायचा, कारण रिम तापते; हात सैल; थरथर जाणवलीच तर सीटवरून जरासं उठायचं आणि मागचा ब्रेक हळूहळू. मागच्या वेळी जिथे थांबल्या होत्या तो सरळ उतार आला. मीटर नकळत ३६ ला गेलं, आणि ते त्यांना खाली पोचल्यावर भाच्याने सांगितलं.

एक गोष्ट बिघडली, आणि ती माझी चूक. मंडलेश्वरच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता, तिथे डावा पिंजरा चिमट्यावरून सेंटिमीटरभर खाली घसरला. हत्यारांची पिशवी चाकाच्या तारांपासून दोन बोटांवर आली होती. काकूंनी बोल्ट तपासताना ते पाहिलं. भाच्याने पेचकसाने क्लॅम्प आवळला. चिमटा खाली निमुळता होत जातो, त्यामुळे खालचा क्लॅम्प घसरला की सैलच होत जातो. त्याच्या खाली टेकू म्हणून ट्यूबची जाड घडी मी घालायला हवी होती. आता प्रत्येक सायकलला घालतो.

महेश्वरला एक दिवस मुक्काम. दुसऱ्या संध्याकाळी साडेसहाला अहिल्या घाटावरून फोन आला. मागे आरतीच्या घंटा ऐकू येत होत्या.

"लोटी भरली रे. झाकणाला तुझ्या त्या जुन्या ट्यूबचा पट्टा बांधलाय, उलटी केली तरी थेंब येत नाही. भरून सव्वा किलो झाली. ती उजव्या पिंजऱ्यात ठेवते, पाण्याची बाटली भाच्याकडे देते. मग उजवीकडे जॅकेट धरून एक किलो साडेसहाशे, डावीकडे दोन किलो. साडेतीनशेचा फरक. डावीकडची एक ट्यूब उजवीकडे टाकली की दोन्हीकडे सारखं. ट्यूब पावणेदोनशे ग्रॅमची आहे ना?"

मी म्हटलं, "हो, आहे. पण काकू, लोटीचं वजन कुठे केलंत?"

"घाटाच्या वर कचोरीवाला आहे, त्याच्या तराजूवर. ट्यूबचंही तिथेच केलं, तुला नुसतं विचारून पाहिलं."